चिलटाचं मूळ गाव

मराठीत 'अंबर' असं सर्च करून बघा. मला आधी आकाश मिळालं, कारण अंबर म्हणजे आकाश. मग पोलिसांच्या बातम्या आल्या: व्हेल माशाची उलटी विकायला आलेले अमुक इतके जण अटकेत. ती उलटी म्हणजे अंबरग्रीस, अत्तरात वापरतात ते. त्यानंतर कुठेतरी 'ज्युरासिक पार्क'मधला तो फोटो आला, काठीच्या मुठीत बसवलेला पिवळा खडा आणि त्यात अडकलेला डास.

मला हवं होतं ते हे शेवटचं. झाडातून गळलेली राळ, जी कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबून दगडासारखी होते आणि जिच्यात कधीकधी किडे सापडतात. याला आपल्याकडे एक जुना संस्कृत शब्द आहे, तृणमणी. कापडावर घासला की गवताची काडी स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तृणमणी. फारसीत त्याला कहरुबा म्हणतात, म्हणजे गवत पळवणारा. आणि ग्रीक लोक त्याला एलेक्ट्रॉन म्हणायचे. इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रॉन, इलेक्ट्रॉनिक्स हे सगळे शब्द त्या एका खड्यावरून आले. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं इलेक्ट्रॉनचा जप केला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी शोधत होते कारण माझ्याकडे एक डबी आली होती. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी, आणि तिच्यात अकरा पिवळे खडे.

मी ज्याच्याशी लग्न करणार आहे तो घाटकोपरचा आहे. गुजराती. आम्ही एकाच कंपनीत काम करायचो, आता दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत आहोत आणि दोघांचंही बरंचसं आयुष्य घाटकोपर स्टेशनच्या पुलावर जातं. त्याच्या आईचं माहेर सुरत जिल्ह्यातल्या मांगरोळ तालुक्यात. तिथे वस्तान नावाच्या गावाजवळ लिग्नाइटची खाण होती. लिग्नाइट म्हणजे कोळशाचा कच्चा, तपकिरी भाऊ. तो खणून जवळच्या नानी नरोलीच्या वीज केंद्रात जाळायचे. त्याचे मामा त्या भागात डंपर चालवायचे. आमच्या दोन्ही घरांची पहिल्यांदा भेट झाली, तेव्हा मामा सुरतहून आले होते. निघताना त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "काळ्या कोळशात हे पिवळं चमकायचं. वाटेत दिसलं की उचलायचो. कामाचं काही नाही, पण तू शिकलेली आहेस, बघ काय आहे ते."

म्हणून मी बघायला लागले.

डिंक आणि राळ

सगळ्यात आधी एक फरक कळला, जो आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं आहे. झाडातून गळतं ते सगळं सारखं नसतं. डिंक वेगळा आणि राळ वेगळी. डिंक ही साखरेची लांबलचक साखळी असते, तो पाण्यात फुगतो, विरघळतो, म्हणून त्याचे लाडू होतात. राळ पाण्यात विरघळत नाही. ती टर्पीन नावाच्या तेलकट, वासाच्या रेणूंची बनलेली असते. झाडाला जखम झाली, कीड लागली की ते राळ सोडून जखम बंद करतं. डिंकाचं अंबर होत नाही. अंबर होतं ते राळेचं.

राळही आपण ओळखतो. जत्रेत, दशावतारात मशालीवर राळेची पूड फेकली की भस्सकन जाळ उठतो. आरोपांची राळ उडवतात ती हीच. धुपात ती असते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग करताना जो धूर डोळ्यांत जायचा, तोही वायरमधल्या राळेचा, फक्त ती पाइनच्या झाडाची.

राळेचं अंबर व्हायला दोन गोष्टी लागतात. आधी तिच्यातले उडून जाणारे पदार्थ निघून जातात आणि उरलेले रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. आणि हे होत असताना ती हवेपासून दूर, चिखलात किंवा गाळात पुरलेली असावी लागते. उघड्यावर पडलेली राळ ऊन आणि प्राणवायू खाऊन टाकतात. म्हणूनच अंबर बहुतेकदा कोळशाच्या आसपास सापडतं. जिथे जंगल गाळात दबून त्याचा कोळसा झाला, तिथेच त्या जंगलाची राळही टिकली.

खडे खरे आहेत का हे घरी तपासता येतं. अंबर पाण्यात बुडतं, पण खूप मीठ घातलेल्या पाण्यात तरंगतं. काच आणि बेकेलाइट तिथेही बुडतात. काही प्लास्टिकंही तरंगतात, म्हणून एवढ्यावर भागत नाही. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारली की अंबर बरेचदा निळसर चमकतं. आणि तापवलेली सुई टोचली की वासावरून कळतं. मी तिन्ही केलं. मीठ घालताना आई म्हणाली, "अगं लोणचं घालतेस का?" अकराच्या अकरा तरंगले. टॉर्चखाली फिकट निळी झाक आली. मग सगळ्यात लहान तुकड्याला गॅसवर तापवलेली सुई टोचली. बारीकसा धूर आला, आणि बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं, "एवढ्यात धूप कोणी लावला?"

दिवेलागणीला अजून दोन तास होते. तो वास आमच्या देवघराचा होता.

पवईतलं उत्तर

वास तोच का, याचं उत्तर मुलुंडहून फार लांब नाही. पवईच्या आयआयटीत भूविज्ञान विभागात सूर्येंदू दत्ता आणि त्यांचे सहकारी अशाच जुन्या राळेच्या रसायनावर काम करत आलेत. खडा तापवून त्याचे रेणू सुटे करायचे, यंत्रातून ते वजनानुसार मोजायचे, आणि त्यावरून हा कोणत्या कुळातल्या झाडाचा, हे ओळखायचं. झाड कुजून कोट्यवधी वर्षं झाली तरी राळेचे काही रेणू त्या कुळाची सही घेऊन बसलेले असतात.

वस्तानच्या अंबरावरची सही डिप्टेरोकार्प कुळाची आहे. नाव अवघड आहे, झाडं ओळखीची आहेत. मध्य आणि पूर्व भारतातला साल या कुळातला. कर्नाटक-केरळच्या घाटात ज्याला धूपाचं झाड म्हणतात तो वेटेरिया या कुळातला. बोर्निओ आणि मलेशियाच्या जंगलात आकाशाला टेकलेली जी प्रचंड झाडं दिसतात, त्यांतली बहुतेक या कुळातली. आणि आपल्याकडे पूजेच्या सामानात मिळणारी राळ ही परंपरेने सालाची. म्हणजे डंपरखाली सापडलेला खडा आणि आईच्या देवघरातला धूप हे लांबचे का होईना, पण भाऊबंद आहेत.

खाणीतलं जंगल पाच कोटी वर्षांहून थोडं जुनं. आता त्या जागी बघितलं तर शेतं, बाभळी, कोरडी जमीन. तेव्हा तिथे समुद्राकाठचं, ओलं, सदाहरित, बोर्निओसारखं जंगल होतं. हे जंगल कशावर उभं होतं, ते कळल्यावर मला जास्त मजा वाटली. त्या कोळशाच्या आणि गाळाच्या थरांखाली बेसॉल्ट आहे. दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतावर जे थरावर थर ओतले गेले त्यांतलाच. तोच काळ्या दगडाचा परिवार आपल्या पायाखाली आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचीच, पेन्सिलींची जुडी उभी करून ठेवावी तसे तिचे खांब दिसतात. मुलुंडमागचे डोंगर त्याचेच. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात जे तळ्यांचे गाळ साचले, त्यात वरळीच्या टेकडीवर इवलेसे बेडूक सापडले होते. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांना शास्त्रीय नाव दिलं. मुंबईच्या दगडात बेडूक आहेत. अंबरासाठी मात्र लाव्हा थंड होऊन, वर माती येऊन, जंगल उगवून, ते गाळात बुडावं लागलं. ते उत्तरेला, वस्तानला झालं.

बेटावरचे किडे

आता किड्यांकडे येते. ही गोष्ट मला गेले काही महिने सोडत नाहीये.

भारत हा एकेकाळी बेट होता, हे शाळेत एका वाक्यात शिकवतात. जरा सावकाश बघू. भारत मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. आपली नखं वाढतात त्याच्या कितीतरी पट वेगाने. आशियाला धडकायला लागला तो साधारण ५ कोटी वर्षांच्या आसपास. मधली सुमारे चार कोटी वर्षं तो समुद्रात एकटा.

बेटावर एकटं राहिलं की जीव वेगळे होत जातात. मादागास्करला लेमूर आहेत ते दुसरीकडे कुठे नाहीत. ऑस्ट्रेलियाचे कांगारू ऑस्ट्रेलियाचेच. मग चार कोटी वर्षं तुटलेल्या भारतावर काय काय अजब तयार झालं असेल? माझ्या भाषेत सांगायचं तर, नेटवर्कची केबल काढलेला सर्व्हर, ज्यावर चार कोटी वर्षं बाहेरून एकही अपडेट आलेलं नाही. वस्तानचं अंबर अगदी मोक्याच्या वेळचं आहे, धडक होण्याच्या सुमाराचं. त्या सर्व्हरचा शेवटचा स्नॅपशॉट.

येस रुस्ट, हुकम सिंग, डेव्हिड ग्रिमाल्डी, मायकेल एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्नॅपशॉट उघडून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. बॉनचं विद्यापीठ, लखनौची बिरबल साहनी संस्था, न्यूयॉर्कचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय अशी सगळी मंडळी त्यात होती. सुमारे १५० किलो अंबर तपासलं, त्यात ७००च्या आसपास किडे आणि कोळी सापडले. १४ गण, ५५ हून अधिक कुळं, शंभरच्या वर जाती. मुंग्या, वाळवी, मधमाश्या, माश्या, चिलटं. आणि या अंबराची एक खासियत म्हणजे त्याचे रेणू पूर्ण घट्ट जोडले गेलेले नाहीत, त्यामुळे टोल्युइन, क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात ते विरघळवता येतं. इतर ठिकाणचं अंबर काचेतून बघावं तसं बघावं लागतं. इथे पाच कोटी वर्षांपूर्वीचा किडा बाहेर काढून सुईच्या टोकावर घेता येतो.

आणि तो कुणासारखा निघाला? या बेटावरच्या एकट्या, अजब जीवांसारखा नाही. यातल्या बऱ्याच किड्यांचे नातेवाईक युरोपच्या बाल्टिक अंबरात आहेत. काहींचे आशियात, काहींचे थेट अमेरिकेत. मधमाश्यांच्या ज्या गटाला लोक बाल्टिकचा गट म्हणून ओळखत होते, तो गुजरातेत निघाला. २०१७ मध्ये याच अंबरातल्या चावऱ्या चिलटांवर वेगळा अभ्यास आला, आणि त्याचाही निष्कर्ष हाच: त्या काळचा भारत जीवांच्या दृष्टीने तुटलेला नव्हता.

म्हणजे केबल काढलेली होती हे आपण नकाशा बघून ठरवलं होतं. नकाशात समुद्र होता हे खरंच. पण समुद्रात मधे बेटांच्या रांगा होत्या, वारे होते, वाहून जाणारे ओंडके होते. चिलटाला काय लागतं? ते उडालं, वाऱ्याने नेलं, एका बेटावर पोचलं, तिथे हजार पिढ्या राहिलं, पुढच्या बेटावर गेलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हा खंड एकटा आहे.

तमारुं मूळ गाम कयुं?

मी आई-बाबांना त्याच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. तिने विचारलं, "मूळचे कुठले?" मी म्हटलं, घाटकोपरचे. ती म्हणाली, "ते राहायला गं. मूळचे?"

त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या बांनी, म्हणजे आजीने, मला शेजारी बसवून घेतलं, हातात खाखऱ्याची ताटली दिली आणि विचारलं, "तमारुं मूळ गाम कयुं?" मी म्हटलं, मुलुंड. बा हसल्या. मुलुंड हे उत्तर धरत नाहीत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी ही कुणाचीच मूळ गावं नसतात. त्या स्टेशनांवर माणूस जन्मतो, शाळेत जातो, रिटायर होतो, पण मूळचा तिथला होत नाही.

प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, दोन्हीकडे. पण तोच प्रश्न दाराबाहेर गेला की त्याचा सूर बदलतो. आम्ही भाड्याने घर बघत होतो. एका सोसायटीसाठी ब्रोकरने फोनवर माझं आडनाव विचारलं, मग दोन सेकंद थांबून म्हणाला, "मॅडम, घरात मच्छी बनणार का?" बनणार, म्हटलं. त्याने परत फोन केला नाही. मग दुसरीकडे, मराठी वस्तीतल्या एका बिल्डिंगमध्ये, मालकांनी घर दाखवलं, चहा दिला, आणि त्याचं आडनाव कळल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघ, तू आपली म्हणून सांगतो, हे लोक शिरले की बिल्डिंग आपली राहत नाही." तो तेव्हा बाल्कनीतून खालची पार्किंगची जागा बघत होता. त्याने ऐकलं. उतरताना जिन्यात म्हणाला, "चल, एक-एक झालं."

ते वाक्य विनोद म्हणून चांगलं होतं. पण रात्री मला झोप लागली नाही. माणसं वाईट होती असं मला वाटलं नाही, आणि तेच जास्त छळत होतं. दोघांनाही मनापासून वाटत होतं की इथे आधी कोण होतं हे त्यांना नक्की माहीत आहे.

मग मी बाबांना विचारलं, आपण मूळचे कुठले? बाबा म्हणाले, हा काय प्रश्न झाला, कुडाळचे. आजोबा तिथून आले, लालबागला खोलीत राहिले, गिरणीत लागले, १९८२ च्या संपानंतर सगळं संपलं आणि मग आम्ही मुलुंडला. बरं, कुडाळच्या आधी? बाबा जरा थांबले. आपली कुलदेवता गोव्यात आहे, म्हणाले, फोंड्याकडे. म्हणजे आपण गोव्याचे? तसं म्हणतात, कधीतरी तिकडून वर आलो. आणि देवी मूळची फोंड्याची? तर तीही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा साष्टीसारख्या भागातून अनेक देव रातोरात नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला हलवले गेले. आमची देवी त्यातलीच, असं घरात सांगतात.

देवीच स्थलांतरित, म्हटल्यावर बाबा माझ्याकडे चष्म्यावरून बघायला लागले.

झाडाचं मूळ

झाडांचंही असंच निघालं. डिप्टेरोकार्प म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बोर्निओ येतं. आज त्यांच्या सर्वांत जास्त जाती तिथेच आहेत, म्हणून ती तिकडची असं वाटणं साहजिक होतं. २०११ मध्ये दत्ता आणि सहकाऱ्यांनी राळेच्या रसायनावरून उलटं मांडलं: ही झाडं भारतातून आशियात गेली. मग २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये माही बन्सल, वंदना प्रसाद आणि इतरांचा, ज्यात दत्ताही आहेत, एक लेख आला. त्यांनी सुदानमधले त्याहून जुने परागकण आणि भारतातले डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले परागकण जोडून दाखवले. त्यांच्या मते ही झाडं आधी आफ्रिकेत होती. तिथून बेटांच्या साखळीवरून भारतात आली, दख्खनचा लाव्हा ओतला जात होता त्या काळातून तगली, भारताबरोबर उत्तरेला गेली आणि आशियाशी जोड झाल्यावर पुढे आग्नेयेला पसरली. नंतर आपल्या पश्चिमेकडची हवा कोरडी होत गेली आणि इथून ती जवळजवळ नाहीशी झाली. राहिली दक्षिण घाटात, साल म्हणून मध्य-पूर्व भारतात, आणि वस्तानच्या कोळशात पिवळे खडे होऊन.

म्हणजे आमच्या देवघरातला तो वास, ज्याच्याइतकं 'आपलं' मला काही वाटत नाही, तो आफ्रिकेतून आलेल्या झाडाच्या कुळाचा.

इथे मला स्वतःलाच एक ब्रेक लावावासा वाटतो. किड्यांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत. चिलट सीमा ओलांडतं तेव्हा कुणाचं भाडं वाढत नाही, कुणाची शाळा बंद पडत नाही, कुणाची भाषा दुकानाच्या पाटीवरून पुसली जात नाही. मुंबईत या सगळ्या भीती खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर म्हणून पाच कोटी वर्षांचं चिलट दाखवणं हा उद्धटपणा होईल. माझी मराठी मला हवी आहे. माझ्या पोरांना ती यावी म्हणून मी भांडणार आहे, गरज पडली तर बांशीही.

शिवाय अंबर सगळं सांगतही नाही. ते फक्त झाडाच्या बुंध्याजवळचं जग टिपतं. लहान, हलकं, चुकून चिकटलेलं. मोठा किडा धडपडून सुटून जातो. जनावरं तर जवळजवळ नसतातच. डीएनएही टिकत नाही. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये हिशोब निघाला की डीएनएची निम्मी जोडणी तुटायला ५२१ वर्षं पुरतात, आणि अंबरपूर्व राळेत अडकलेल्या, तुलनेने अगदी ताज्या मधमाश्यांतूनही तो खात्रीने मिळालेला नाही. त्यामुळे ज्युरासिक पार्क विसरा. अंबरात जे उरतं ते किड्याचं रूप आणि तो त्या दिवशी तिथे होता ही नोंद.

पण ती नोंद एका गोष्टीला पुरते. 'आम्ही आधी एकटे होतो, शुद्ध होतो, मग बाहेरचे आले' ही कथा आपण खंडाबद्दलही सांगत होतो, पुस्तकात छापत होतो. ती तपासता आली कारण कुणीतरी दीडशे किलो खडे धुऊन, घासून बघितले. बघितल्यावर कळलं की चार कोटी वर्षांच्या बेटावरही ये-जा चालू होती. याचा अर्थ कोण कुठे राहावं हे ठरत नाही. एवढंच ठरतं की 'मूळचे कुठले' या प्रश्नाचं उत्तर देताना आपण कुठेतरी थांबतो, आणि कुठे थांबायचं ते आपणच निवडतो. बाबा कुडाळला थांबतात. त्याचे वडील अमरेलीला. घरमालक त्यांच्या बिल्डिंगच्या बांधकामाच्या वर्षाला.

अकरा खडे

दुसऱ्या भेटीला त्याचे घरचे मुलुंडला आले. मामाही होते. मी खडे फोनच्या मॅक्रो लेन्सखाली ठेवून टीव्हीवर मोठे करून दाखवले. हिशोब आधीच केला होता: दीडशे किलोत सातशे, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅमला एक किडा. माझ्या अकरा खड्यांचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर वीस ग्रॅमही भरलं नव्हतं. त्यामुळे किडा नव्हता. एकात गोल बुडबुडा होता, एकात लिग्नाइटचा काळा कण. तरी सगळे वाकून बघत होते. बांनी विचारलं, "आ शुं छे?" मी माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीत सांगितलं, झाडाचा घाम. मामांना जंगलाचं कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही तिथे उन्हात मरायचो. सावलीला एक झाड नव्हतं. आणि खाली जंगल होतं?"

बाबांनी त्यांना गिरणीच्या गोष्टी सांगितल्या, मामांनी डंपरच्या. दोघं मिळून हिंदीची जी काही दशा करत होते ती ऐकून आम्ही दोघं स्वयंपाकघरात पळालो. आई तिथे पुऱ्या लाटत होती. तिचा राग गेला आहे असं मी म्हणणार नाही. तिने विचारलं, "लग्नानंतर बांगडा कुठे करणार तू?" मी म्हटलं, रविवारी इकडे येऊन. ती म्हणाली, "दर रविवारी?" आणि मग लाटणं न थांबवता, "त्याला काय करून ठेवायचं ते आधी सांगत जा."

आता पत्रिका छापायची आहे. डिझाइनचं काम माझ्याकडे आलं, कारण इंजिनिअर म्हणजे कम्प्युटरवरचं सगळं येतं असा दोन्ही भाषांत समज आहे. बाबांनी मजकूर पाठवला: मूळ गाव कुडाळ, जि. सिंधुदुर्ग, सध्या मुलुंड. त्याच्या वडिलांनी पाठवला: मूळ वतन अमरेली, हाल घाटकोपर. गुजरातीत पत्रिकेवर 'सध्या'ला 'हाल' लिहितात. आमचे आजोबा मुंबईत येऊन साठ वर्षं होऊन गेली, त्यांचे त्याहूनही जास्त, आणि दोन्ही घरं अजून सध्या आणि हालमध्येच राहतात.

तो म्हणाला, हे दोन्ही काढून टाकू, नुसतं मुलुंड आणि घाटकोपर ठेवू. मला आधी ते पटलं होतं. मग मी ठरवलं, ठेवू. कुडाळ राहू दे, अमरेली राहू दे, आणि दोन्ही 'सध्या' पण राहू देत. फक्त मी त्या दोन शब्दांचा फॉन्ट बाकीच्या ओळीएवढाच मोठा केला. बाबांनी प्रूफ बघितलं आणि विचारलं, हे एवढं मोठं कशाला? मी म्हटलं, वाचता यायला हवं ना.